पाण्याचं विरजण

खरं सांगा, तुमच्या घरात आजवर किती अमृतं येऊन गेली?

लाजू नका, आमच्या घरातली मीच आधी सांगते. पहिल्यांदा कोरफडीचा रस आला. तो इतका कडू होता की गुणकारी असणारच, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं. मग गव्हांकुर आले. गावाला टँकरनं पाणी येत होतं आणि आम्ही कुंड्यांतल्या गव्हाला तांब्या तांब्या पाणी घालत होतो. शेवटी तो गहू शेजारच्या शेळीनं खाल्ला आणि तिची तब्येत खरंच सुधारली. त्यानंतर जांभळाच्या बियांची पूड, चुंबक शिवलेला कमरपट्टा, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. प्रत्येक अमृताबरोबर एक पत्रक यायचं. अमृत नासायचं, संपायचं, माळ्यावर जायचं. पत्रक तेवढं राहायचं.

आता सांगते ती गोष्ट या रांगेतल्या शेवटच्या अमृताची आहे, आणि माझ्या आत्याच्या डाव्या पायाची.

पत्रकं आमच्या घरात राहायची कारण माझे वडील पत्रकं वाटणारे होते. पाटोद्याच्या बाजाराच्या दिवशी सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवून निघायचे. दारूबंदीचं पत्रक, हुंडाबंदीचं, पाणी अडवण्याचं, अंगात येण्याविरुद्धचं. उरलेली पत्रकं फडताळात अंथरली जायची. मी बाराखडी शाळेत शिकले असले तरी वाचायला शिकले ते डब्यांखालच्या त्या कागदांवरून. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. पत्रकाच्या भाषेत 'कदाचित' नसतं, 'बहुधा' नसतं. तिथं माणसं एकतर झोपलेली असतात किंवा त्यांना जागं व्हायचं असतं. एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरींची लग्नं उरकतात, त्याविरुद्ध. ते पत्रक आजही मला मान्य आहे, त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण त्या पत्रकानं एक वाईट गोष्ट केली. लोक मला 'छान लिहिणारी' म्हणू लागले.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्या घराला लागून तिची खोली, खोलीला लागून मेंढरांचं आवार. सकाळी न्याहारी करून ती मेंढरामागं निघायची ती दिवस कलल्यावर परत. साठी ओलांडलेली बाई, पण मला तिच्याबरोबर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं. ती म्हणायची, "मला बसायला लावशील त्या दिशी मला पोचवायची तयारी करा." लिहायला-वाचायला येत नव्हतं. सहा-सात वर्षांपासून शुगर होती, आणि पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या ती सकाळ-संध्याकाळ इमानदारीनं घ्यायची.

अर्ध्या आळीच्या दह्याला विरजण तिचं. तिच्याकडचं विरजण न्यायचे काही नियम होते. विरजण विकत द्यायचं नाही, दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, नेणारणीनं आपलं भांडं आपण आणायचं, आणि भांड्याला आंबूस वास असेल तर तिथंच घासायचं. या शेवटच्या नियमावरून तिनं सरपंचाच्या बायकोला परत पाठवलं होतं.

आता गुरुजी. आमच्या गावचे निवृत्त शिक्षक. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाकावर उभं करायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी गावाचं आरोग्य हाती घेतलं. वर जी अमृतं सांगितली त्यातली निम्मी त्यांनीच आणलेली. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या पुण्याच्या पुतणीनं प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांना काही दाणे आणून दिले. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, जरा मोठे, धुरकट. गुरुजींनी मारुतीच्या ओट्यावर सभा बोलावली आणि पिशवी उंच धरली.

"याला वॉटर केफिर म्हणतात. हे जिवंत दाणे आहेत. गोड पाण्यात टाकायचे, एक-दोन दिवसांत पाणी आंबतं. ते गाळून प्यायचं. दाणे पुन्हा नव्या पाण्यात. दाणे वाढत जातात."

"जिवंत हायत तर चावत न्हाईत ना?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"चावायचे नाहीत, गिळायचेही नाहीत. फक्त पाणी प्यायचं."

"मंग त्यायला जिवंत ठिवून काय उपेग?"

गुरुजींनी डोळे मिटले. शाळेतही ते असेच मिटायचे आणि मग छडी शोधायचे. त्यांनी घरी आंबवून आणलेलं पाणी पेल्यांत ओतलं. बारीक बुडबुडे आले. बुडबुडे बघून आमच्या गल्लीतला एक गृहस्थ पुढं सरकला. माझ्या वडिलांची वीस वर्षांची दारूबंदीची पत्रकं ज्याच्यावर वाया गेली तो हा माणूस. त्यानं एका दमात चार पेले घेतले, खांबाला टेकून बसला आणि वाट बघू लागला.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "गुरुजी, काय व्हईना."

"काय व्हायला पाहिजे?"

"न्हाई, बुडबुडे हायत म्हणून म्हणलं. चढत न्हाई का ह्ये?"

दुसऱ्या दिवशी तो मला रस्त्यात भेटला. म्हणाला, पोट तेवढं साफ झालं. संपूर्ण चळवळीत खात्रीनं सांगता येईल असा गुण एवढाच.

गुरुजींनी त्या दिवशी पाच घरांत दाणे वाटले. आठवड्याच्या आत पाचही घरांतले मेले. पाणी गढूळ झालं, दाणे पांढरे चिकट होऊन तळाशी बसले. गुरुजींनी कारण शोधलं: घरातले नकारात्मक विचार. एका घरात सासूसुनेचं भांडण चालू होतंच, त्यामुळे लोकांना ते पटलंही. शेवटचे चमचाभर दाणे घेऊन ते आमच्याकडे आले आणि आत्यानं वाटी नाकाशी नेली.

"नळाचं पाणी घातलं का?"

"हो. चांगलं स्वच्छ."

"त्या पावडरीचं?"

ग्रामपंचायत टाकीत ब्लीचिंग पावडर टाकते. कधी महिनाभर टाकत नाही आणि मग आठवण झाली की महिन्याची एकदम टाकते.

"जंतू मराया टाकतेत ती," आत्या म्हणाली. "आन तुमी म्हणता ह्ये जिवंत हायत. मंग ह्ये कसं वाचत्याल, गुरुजी?"

एवढं साधं होतं. विरजणवाल्या बाईला ते एका वासात कळलं. गुरुजींना आणि मला, दोन शिकलेल्यांना, कळलं नव्हतं. मी तर तोवर नकारात्मक विचारांविरुद्ध एक टिपण काढलं होतं.

आत्यानं पसरट पातेल्यात पाणी दिवसभर उघडं ठेवलं, या भांड्यातून त्या भांड्यात चार वेळा ओतलं, वास गेल्यावर त्यात गूळ विरघळवला. लिंबाची फोड टाकली. बरणीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा दोऱ्यानं बांधला. दुसऱ्या दिवशी बरणीला कान लावून बसली. मला म्हणाली, "ये माय, ऐक. बोलायलंय." खरंच आत बारीक चर्र असा आवाज होता, दुरून पाऊस यावा तसा. तेव्हापासून गावात कुणी केफिर म्हटलं नाही. त्याला नाव पडलं पाण्याचं विरजण.

मग आत्याची बरणी वाढू लागली. उन्हाचा दिवस असला तर एक दिवस, ढगाळ असला तर दोन. बोट बुडवून चाखायची, जीभ टाळ्याला लावायची आणि सांगायची, अजून कच्चं हाय. गाळलेलं पाणी बाटलीत भरून त्यात चिंच नाहीतर आल्याचा ठेचा घालून घट्ट झाकण लावलं की दिवसभरात ते फसफसायचं, आणि खरं सांगते, बाजारातल्या कुठल्याही थंड पेयाच्या तोंडात मारील असं लागायचं. अडचण बाटल्यांची होती. प्लास्टिकच्या बाटल्या फुगून आडव्या व्हायच्या. जाड काचेची, फिरकीच्या झाकणाची बाटली आमच्या गावात एकाच मालाची मिळते, आणि ती गावाबाहेरच्या ओढ्यात हवी तेवढी पडलेली असते. आत्यानं पोतंभर वेचून आणल्या, गरम पाण्यानं राखेत घासल्या आणि खिडकीत रांगेनं मांडल्या.

दारूबंदीवाल्याच्या खिडकीत क्वार्टरच्या बाटल्यांची रांग. वडील तीन दिवस मान वर करून रस्त्यानं चालले नाहीत. मग त्यांनी त्यावर उपाय काढला. फडताळातली जुनी पत्रकं काढून एकेक बाटली त्यात गुंडाळली. त्यामुळे आमच्या खिडकीत 'दारू म्हणजे संसाराची राख' असं लिहिलेल्या कागदात गुंडाळलेल्या दारूच्या बाटल्या उभ्या राहिल्या. गल्लीतले पुरुष त्या खिडकीखालून जाताना उगाचच खोकायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात त्यातल्या दोन बाटल्या फुटल्या. झाकण पत्र्यावर आपटलं, आवाजानं मेंढरं आवार मोडून पांदीत पळाली आणि आत्यानं एक धडा घेतला: बाटली भरून दुसऱ्या दिवशी झाकण जरा ढिलं करून आतली हवा सोडायची. गुरुजींनी वेगळा धडा घेतला. ते म्हणाले, "बघा, केवढी शक्ती आहे यात."

याच शक्तीचं पत्रक काढायचं त्यांनी ठरवलं, आणि अर्थातच माझ्याकडे आले.

त्यांच्या वहीत एकवीस आजार होते. गुडघेदुखीपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत. मी ताठ मानेनं सांगितलं, गुरुजी, मी खोटं लिहिणार नाही. आणि सतरा आजार खोडले. त्या सतरांचा मला आजही अभिमान वाटतो, चोरानं सतरा घरं सोडून चारच फोडली म्हणून वाटावा तसा. उरलेल्या चारांत शुगर होती.

का ठेवली? कारण त्यावर मला आधीपासूनच बोलायचं होतं. औषधकंपन्या, त्यांचा नफा, माणसाला आयुष्यभर गिऱ्हाईक करून ठेवणं, यावर मी पुष्कळ वाचलं होतं. कशात? पत्रकांत. मी लिहिलं: 'शुगरच्या गोळ्या ही जन्मभराची वेठबिगार आहे. हे जोखड फेकून द्या. आपल्या घरात, आपल्या बरणीत, आपल्या गुळावर वाढणारं स्वातंत्र्य प्या.' वाचून माझ्याच अंगावर काटा आला. गुरुजींनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"खाली एक ओळ घालू या का," ते म्हणाले, "डॉक्टरांच्या सल्ल्यानं, अशी?"

"वाक्य पडतं त्यानं, गुरुजी."

"पडतं?"

"जोखड फेका म्हटल्यावर मालकाला विचारून फेका म्हणायचं का?"

गुरुजींनी वही मिटली. त्यांना भाषण करता येत होतं, लिहिता येत नव्हतं, आणि लिहिणाऱ्यापुढे ते नेहमीच दबायचे. गुरुजींची मी या लेखात बरीच टिंगल केली आहे आणि अजून करणार आहे. पण ही एक ओळ त्यांनी सुचवली होती आणि ती मी खोडली, हे इथं नोंदवून ठेवते.

पिवळ्या कागदावर पत्रक छापून आलं. पाटोद्यात वडिलांनी वाटलं. तलवाड्याला गुरुजींचे व्याही होते, त्यांनी नेलं. आष्टीच्या बाजारात मी स्वतः उभी राहिले. संध्याकाळी घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं. तिला आवडलं. पुन्हा वाच म्हणाली. तिसऱ्यांदा वाचताना 'जोखड' आल्यावर तिनं मान डोलावली.

"लई बेस लिवलंस. कुणासाठी हाय ह्ये?"

"सगळ्यांसाठी, आत्या."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेली.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांकडे तोवर पाण्याचं विरजण पोचलं होतं. कोयते, अंथरुणं, कोंबड्या ट्रॅक्टरवर चढवताना बरणी कुठं चढवणार? एकेक करून त्या आत्याकडे बरण्या ठेवून गेल्या. आपली बरणी ओळखायला प्रत्येकीनं आपल्या जुन्या पातळाची चिंधी बांधली. आत्याच्या खोलीत अकरा बरण्या झाल्या. सकाळी मेंढरामागं जायच्या आधी ती अकराही बरण्यांना गूळपाणी द्यायची, पोरं सांभाळायला ठेवून गेल्यासारखी. गुरुजी सभेत सांगायचे, 'आपली चळवळ ऊसतोड कामगारांपर्यंत पोचली.' कामगार बिचारे बरणी ठेवून चारशे किलोमीटर लांब गेलेले. चळवळ आत्याच्या खोलीत गुळासाठी थांबलेली.

आणि अकरा बरण्यांचं गाळलेलं पाणी करायचं काय? फेकायचं तिच्या जिवावर यायचं. ती प्यायची.

संक्रांतीच्या आसपास तिच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. काट्याचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. तिनं सुईनं उकरून काढला, हळद भरली, मेंढरामागं गेली. आठवड्यानं पाय सुजलेला दिसला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, काट्याला कोण दवाखान्यात जातं. मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"घेती की."

मला तेवढं पुरलं. मी तेव्हा एका नव्या पत्रकात गुंतले होते. विषय होता, माणसं समोरच्या दुःखाकडे कशी डोळेझाक करतात.

अजून दहा दिवसांनी ती एकदा दुपारीच परत आली. मेंढरं पुढं आणि ती मागं, काठीवर भार टाकून. उंबऱ्यावर बसली आणि चप्पल काढताना तिनं तोंड फिरवलं. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. वास मला लांबून आला. तिला का आला नाही, जिला पाण्यातली पावडर वासावर कळते? नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तिला त्या पायाचं दुखणंच कळत नव्हतं. वासाचं मात्र मला वाटतं तिला कळलं होतं. चप्पल काढताना तोंड फिरवलं ते उगाच नाही.

पाटोद्याच्या दवाखान्यात माझ्याच वयाची डॉक्टर होती. तिनं बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर बघितली, आकडा वाचला, मशीन बदलून पुन्हा बघितला.

"आजी, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

मी म्हटलं, "बंद नाहीत, घेते ती." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलंही नाही.

आत्या जमिनीकडे बघत म्हणाली, "दिवाळीच्या आदीपसून."

"का पण?" हे मी विचारलं.

आत्यानं समजावून सांगितलं. मला नाही, डॉक्टरला. मुलाला शिकवावं तसं, शांतपणे. "बाई, एका गाडग्यात दोन विरजणं लावत न्हाईत. लावली की एक दुसऱ्याला खातं, आन दही बी लागत न्हाई न् दूध बी ऱ्हात न्हाई. गोळी पोटात आसल तर ह्या पाण्याचा गुण येईना, आन पाणी आसल तर गोळीचा. कंचंतरी एकच ठिवावं लागतंय. मी म्हणलं इच्यारावं कुणाला, तर हिनं छापूनच आणलं, गोळ्या फेका म्हणून. मी फेकल्या न्हाईत हं बाई. सरकारच्या वस्तू हायत. डब्यात ठिवल्यात, मेंढराला लागत्याल."

"कुणी छापून आणलं?"

आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ही माझी भाची. लई छान लिवती."

तिनं ते कौतुकानं सांगितलं. टोमणा असता तर मी सहन केला असता.

डॉक्टर आत्यालाच विचारत राहिली. पाण्यात काय घालता? गूळ. किती पिता? तांब्याभर. दिवसातून एकदा? तीन-चारदा, जास्तीचं नासू नये म्हणून. मी मध्येच म्हणाले की ते दाणे गूळ खाऊन टाकतात.

"सगळा?"

मला माहीत नव्हतं. चार महिने मी या विषयावर लिहीत होते, बोलत होते, आष्टीच्या बाजारात उभी राहिले होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

"आजी, गोड लागतं का हो ते पाणी?"

"लई ग्वाड," आत्या म्हणाली. "म्हणून तर पेती."

डॉक्टरनं बीडला पाठवलं. तिथं बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस थांबला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं. आत्यानं शुद्धीवर आल्यावर एकच विचारलं, मेंढरामागं चालता येईल का. बोटाची चौकशी तिनं केलीच नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी भेटायला आले. हातात पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीत तेच. ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "ताई, कुठंतरी आपला संकल्प कमी पडला."

"संकल्प हाय की जाग्यावर," आत्या म्हणाली. "बोट गेलं."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. गुरुजींनी डोळे मिटले, पण या वेळी बराच वेळ उघडले नाहीत. उठताना बाटली त्यांनी पुन्हा पिशवीत घातली.

आत्याला चालता येतं. पायाला मऊ तळाची चप्पल आहे, रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून ती तळपाय बघते. मेंढरं निम्मी झाली आहेत. ओढ्यापर्यंत ती जाते, ओढ्यापलीकडं जात नाही. डोंगराच्या पायथ्याला आता तिची मेंढरं दिसत नाहीत. पाण्याचं विरजण अजून करते. टोळ्या परत आल्या तेव्हा अकराही बरण्या जिवंत होत्या, आणि चिंधी बघून तिनं त्या जिच्या तिच्या हातात दिल्या. स्वतः बोटानं चाखते, जीभ टाळ्याला लावते, आणि गोळ्या घेते. चांगलं लागतं ते, मी आजही पिते. उन्हातून आल्यावर आल्याचं एक पेलाभर घ्या, जीव निवतो. औषध म्हणून कुणाला देऊ नका.

घरी आल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. पांढऱ्या कागदावर, 'चुकीची दुरुस्ती' म्हणून. गुरुजींनी सही करायला नकार दिला नाही, एवढं म्हणाले की त्यात माझी ती डॉक्टरांच्या सल्ल्याची ओळ पण टाक. आम्ही दोघांनी मिळून वाटलं. पाटोद्याच्या बाजारात माझ्या डोळ्यादेखत एका बाईनं त्यात शेंगदाणे बांधले. जोखड फेका म्हणणाऱ्या कागदाला जशी माणसं हात पुढं करतात तशी 'थांबा, आधी विचारा' म्हणणाऱ्या कागदाला करत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. वडिलांना विचारलं, पिवळी पत्रकं परत कशी गोळा करायची? ते म्हणाले, "वाटलेलं पत्रक कुणाला दिलं ते लक्षात राहत असतं तर मी वीस वर्षांत एका तरी माणसाला परत जाऊन विचारलं नसतं का, दारू सुटली का म्हणून?"

मग मी घरोघर जायला लागले. आठवलं ते घर, ऐकलं ते घर. पहिल्या घरात विचारलं, मावशी, गोळ्या चालू आहेत ना? मावशी म्हणाल्या, घेती की. आत्याचेच शब्द, तोच सूर. दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरात मी म्हटलं, पाकीट दाखवा. त्या बाईनं कणगीमागून डबा काढला. आत पाकिटं होती, एकावर एक, एकही गोळी न फोडलेली. त्या बाईनं ती जपून ठेवली होती. तिलाही वाटत होतं, मेंढराला नाहीतर कुणाला तरी लागतील.

मी सगळ्या घरांत पोचणार नाही. तलवाड्याला किती कागद गेले ते व्याह्यांनाही आठवत नाही, आणि माझ्यासारखी छान लिहिणारी माणसं इतर गावांतही आहेत. म्हणून तुमच्याकडे काम सोपवते. तुमच्या घरात, गल्लीत, सासरी, माहेरी कुणी कुठलंही गुणकारी पाणी पीत असेल तर आजच्या आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. गोळ्या घेता का असं विचारू नका, कारण उत्तर 'घेती की' असंच येणार आहे. पाकीट मागा, हातात घ्या आणि किती खाचा रिकाम्या झाल्यात ते बघा. मग त्यांच्या पायातली चप्पल काढा आणि दोन्ही तळवे उजेडात धरा.